मेहरून, खोलीत कापूस नव्हता

मेहरून, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या घरात डब्याचं दूध आलं. हे तुला आधी सांगते. बाकीचं नंतर.

मी माजलगावला तुझ्या दारात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पायरीवर चपलांचा ढीग. आत बायका बसलेल्या, कुणी कुराण वाचत होतं, कुणी नुसतं भिंतीकडे बघत होतं. तुझी शबाना मागच्या खोलीत होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला लेकरू झालं, आणि बाळंत होऊन अकरा दिवस होतात न होतात तो तू गेलीस. तुझी खाट तिथून हलवली होती. खाटेच्या जागी शबानाची गादी, तिच्या मांडीवर तुझी नात, आणि उशाशी डबा. झाकण उघडं, आत चमचा.

मी म्हटलं, "हे काय गं?"

उत्तर तुझ्या नणंदेनं दिलं. "घर में मय्यत हो गई ना मावशी. रडत्या बाईचं दूध लेकराला बाधतंय. चाळीस दिवस नै पाजायचं."

तिला मी दोष देत नाही. आमच्यातही असंच म्हणतात. मी स्वतः कितीतरी घरांत हेच सांगत आले होते, आणि त्यावरून तू माझ्याशी भांडली होतीस.

शबाना माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या मावशी. मीबी डब्यावरच वाढले ना? अम्मीला कुठं टाइम होता! अख्ख्या गावाच्या बायकांना पाजायला लावलं, अन् माझ्यासाठी डबा. काय बिघडलं माझं?"

ती हे रागानं बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती अगदी सरळ बोलली. आमच्या घरात चहाला साखर कमी टाकतात, असं एखादी सांगते तसं. तीस वर्षं तिच्या मनात हेच बसलेलं, की आईनं नोकरीपायी आपल्याला पाजलं नाही. आणि तू तिला तसंच समजू दिलंस.

खरं काय ते तुला आणि मला ठाऊक होतं. त्यातली तू गेलीस.

तू सिस्टर म्हणून आमच्या गावात पहिल्यांदा आलीस ते चैत्रात. दिंद्रुडपर्यंत एसटी, पुढे पायी. पांढरी साडी, एका हातात औषधाची पेटी, दुसऱ्या हातात छत्री. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. त्यात एक टेबल, एक बाकडं आणि भिंतीवर पाली. राहायला जागा नव्हती. तू घर शोधत फिरलीस आणि पाचव्या की सहाव्या घरी माझ्याकडे आलीस.

"मावशी, तुमची समोरची खोली रिकामी दिसती. मला द्या ना. दोन महिन्यांची पोरगी हाय माझी, अम्मीपाशी ठेवून येते. खोली मिळाली तर दोघींना घेऊन येते. मधीमधी येऊन पाजता येईल."

मी म्हटलं, "खोलीत कापूस हाय."

खोलीत कापूस नव्हता. कापूस शिमग्याच्या आधीच विकला होता. आत एक मोडकी बाज होती आणि कोंबड्यांचं खुराडं. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं, नुसती कडी. तू त्या कडीकडे बघितलंस. उघडून बघितली नाहीस. "बरं मावशी," म्हणालीस आणि उन्हात चालती झालीस. तू वळणावर दिसेनाशी झालीस तेव्हा मी शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगून आले, की या बाईला कुणी जागा देऊ नका.

गावाला वाटलं, मुसलमानाची म्हणून दिली नाही. मी तसं वाटू दिलं, कारण ते सांगायला सोपं होतं. कुणी पुढे विचारत नाही. खरं कारण दुसरंच होतं. माझी सासू गावची सुईण, तिच्यामागे मी. गावातलं प्रत्येक लेकरू माझ्या हातात पडायचं. त्याबद्दल लुगडं-चोळी, पायलीभर ज्वारी, आणि पाचवीच्या पूजेला पहिलं ताट माझं. तू गावात राहायला आलीस की बाईच्या पोटात दुखायला लागताच लोक तुझ्या दाराला पळणार. तू संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस की गाव माझं. म्हणून नाही म्हटलं. धर्माचं नव्हतं, मानाचं होतं. यानं मी चांगली ठरत नाही, ते मला कळतं. पण तू मरेपर्यंत ते धर्माचंच समजत राहिलीस का, हे मला माहीत नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मग तू रोज यायला लागलीस. सकाळच्या गाडीनं यायचीस, पाचच्या गाडीनं जायचीस. मधल्या आठ तासांत तुझी पोर माजलगावात आणि तू आमच्याकडे.

वैशाखात तू पारावर बायका गोळा केल्यास. म्हणालीस, सहा महिने लेकराला आईचंच दूध. वरचं काही नाही. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडचा वैशाख तुला नवा नव्हता. पत्रा तापून तडतडतो, कावळे चोच उघडी टाकून बसतात, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं.

मी म्हटलं, "पाणी न्हाई? मोठाली माणसं सावलीला जीभ काढून बसल्यात, अन् लेकराला पाणी न्हाई? मारायचं हाय का त्याला?"

"मावशी, दुधातच पाणी हाय. तहान लागली की लेकरू जास्त येळा पितंय. वरचं पाणी पाजलं तर पोट त्यानंच भरतंय, मग दूध कमी पितंय. अन् आपल्या हिरीचं पाणी कसं हाय, तुमीच बघा की."

"तुला लई कळतंय. तुझं लेकरू कुठं हाय गं सिस्टर? तुझं डब्यावर, अन् आमाला शिकवतीस व्हय?"

बायका पुन्हा हसल्या, या वेळी पदर न लावता. तू वही उघडलीस आणि खाली मान घालून नावं लिहायला लागलीस. एका बाईचं नाव दोनदा लिहिलंस, ते मी बघितलं. मला वाटलं, मी जिंकले. जिनं खोली दिली नाही तीच विचारत होती, लेकरू कुठं आहे.

त्या दुपारी तुझी छत्री पाराच्या कट्ट्यावर राहिली. ती द्यायला म्हणून मी उपकेंद्रात आले. दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं. तू भिंतीकडे तोंड करून बाकड्यावर बसली होतीस आणि स्टीलच्या वाटीत दूध पिळत होतीस. छाती दगडासारखी झाली होती. ते मला लांबूनही कळलं, गावातल्या बाळंतिणींच्या गाठी मीच शेकत आले होते. वाटी भरली. तू उठलीस, खिडकीतून बाहेर ओतलीस, आणि परत येऊन बसलीस. बाहेर वाळलेली माती होती. तिनं ते लगेच पिऊन टाकलं. दुसरी वाटीही तशीच.

तू रडत नव्हतीस. रडत असतीस तर मी आत आले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खोटं आहे. मी छत्री दाराला टेकवली आणि घरी गेले. घरी आमच्या समोरच्या खोलीची कडी तशीच लावलेली होती.

पुढे तूच एकदा मला सांगितलंस की पिळून पिळून दूध टिकत नाही. म्हणजे कुणाचं टिकतं, पण तुझं टिकलं नाही. लेकराचं तोंड लागावं लागतं. जितकं ओढेल तितकं येतं, ओढणारं नसेल तर अंगाला वाटतं आता गरज उरली नाही. भरल्या वाटीची अर्धी वाटी झाली, मग बुडाला लागेल एवढंच. हे सांगताना तू दुसऱ्याच कुणा बाईचं सांगावं तसं सांगत होतीस.

आषाढात बातमी आली की सिस्टरच्या पोरीला जुलाब लागलेत, अंबाजोगाईला नेलंय. बाटली नीट उकळली नव्हती की पाणी वाईट होतं, कुणास ठाऊक. तुझ्या अम्मीची नजर अधू होती, तिच्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं. कुणी म्हणालं, सलाइन लावलंय. कुणी म्हणालं, डोळे फिरवलेत. मी त्या दिवशी नेहमीसारखी जेवले. घास खाली गेला, न जायला काय झालं होतं? संध्याकाळी मात्र मी समोरच्या खोलीतलं खुराडं बाहेर काढलं, खोली झाडली, शेणानं सारवली. कुणासाठी ते मलाच सांगता आलं नसतं. तू आता खोली मागणार नव्हतीस. आणि दिली तरी पाजायला दूध राहिलं नव्हतं.

शबाना वाचली. दहा दिवसांनी तू परत आलीस, गालाची हाडं वर आलेली. माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "मावशी, या महिन्यात कोण बाळंत होणार हाय, नावं सांगा." पोरीबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. तुला वाटलं असेल, ही बाई माणूस नाही.

श्रावणात आमच्या म्हशीला वगार झाली. मी खरवस केला होता. तू नावं लिहायला आलीस, तुला बशीत दोन वड्या दिल्या. एरवी दिल्या नसत्या. त्या दिवशी द्याव्या वाटल्या.

"लई झ्याक झालाय मावशी. पहिल्या दिवसाचा चीक का?"

"मग! दुसऱ्या दिवसाचा अशी वडी धरत न्हाई."

"समदा चीक काढून घेतला?"

"समदा कसा काढून घिईन? आधी वगारीला पोटभर पाजला. उरला तेवढा काढला."

"वगारीला कशाला?"

"डोस्कं फिरलंय का तुझं? चीक न्हाई मिळाला तर वगार उभी तरी ऱ्हाईल का?"

तू बशी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला जरा वेळ लागला. मग कळलं.

बाईचा चीक आम्ही टाकून देत होतो. पिवळा, चिकट, नासलेलं दूध म्हणायचं आणि पिळून भिंतीला, नाहीतर झाडाच्या बुडाला. तीन दिवस लेकराला गुळाचं पाणी आणि मधाचं बोट. म्हशीचा चीक मात्र वेलदोडा टाकून वाटीवाटीनं शेजारी धाडायचा. सासूनं मला असं शिकवलं आणि मी गावाला शिकवलं. माझी स्वतःची दुसरी पोर पाचव्या दिवशी गेली. गुळाच्या पाण्यावर होती. त्यानंच गेली असं तू कधी म्हणाली नाहीस, मीही म्हणत नाही, लेकरं तेव्हा पुष्कळ कारणांनी जात होती. पण त्या बशीकडे बघताना ती पोर आठवली, आणि तिचं नावही ठेवलेलं नव्हतं हे आठवलं.

"बोल की आता," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तुमीच बोललात," असं म्हणून तू उरलेली वडी खाल्लीस.

इतर कुणी असती तर गावभर सांगितलं असतं, की म्हातारी कशी तोंडावर पडली. म्हातारी कसली, तेव्हा मी पन्नाशीचीसुद्धा नव्हते.

कार्तिकात माझी सून पारू बाळंत झाली. सकाळची वेळ, घरातच, माझ्याच हातानं. पोरगा झाला, वार पडली, सगळं नीट. आणि मग रक्त थांबेना. एक लुगडं भिजलं, दुसरं भिजलं. माझ्याजवळ जेवढं होतं तेवढं मी करून बघितलं, आणि मग माझ्याजवळ काही उरलं नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, सिस्टरला आणा. तू नुकतीच गाडीनं उतरून येत होतीस. धावत आलीस.

तू सुई दिलीस. जीप आणायला माणूस पिटाळलास. पोट चोळायला लागलीस आणि मला म्हणालीस, "लेकरू छातीला लावा तिच्या."

मी म्हटलं, "अगं, अजून चीक हाय—"

"तोच पायजे! लावा म्हणते ना, कौसाबाई!"

त्याआधी आणि त्यानंतर तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. मी लेकरू लावलं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यानं तोंड उघडलं, धरलं आणि ओढायला लागलं. पारू कण्हली, "पोटात कळ येतीया."

"येऊ दे बाई," तू म्हणालीस. "तुझी पिशवी आकसतीया. लेकरू ओढतंय तशी ती आवळतीया."

जीप येईपर्यंत रक्त कमी झालं. सुईनं झालं, चोळण्यानं झालं की लेकराच्या तोंडानं, असं मी नंतर विचारलं, तर तू म्हणालीस, तिन्हीनं. तरीही तू तिला दवाखान्यात नेलंसच, माझं काही ऐकलं नाहीस. बरं केलंस. आमच्या घराण्यात चीक पिऊन वाढलेला तो पहिला पोरगा. आज ट्रॅक्टर चालवतो, आणि जेवायला बसला की उठत नाही.

पारू घरी आली त्या दिवशी मी तुला म्हटलं, "समोरची खोली घे."

तू विचारलंस, "कापूस?"

मी म्हटलं, "न्हाई."

एवढंच बोलणं झालं. तू खोली घेतलीस, पण राहायला नाही. तोवर शबाना बसायला लागली होती, वरणभात खात होती. लस टोचायच्या दिवशी आलेल्या बायकांना निवांत पाजता यावं म्हणून तू तिथे खिळे ठोकून पडदा लावलास, सतरंजी टाकलीस. ज्या खोलीत तुझी पोर प्यायली असती तिथे गावाची लेकरं प्यायली. तू दाराशी बसून सांगायचीस, नाक दाबलं जाऊ देऊ नका, तोंड मोठं उघडू द्या, नुसतं टोक धरू देऊ नका. ऊसतोडीला निघालेल्या बायकांना सांगायचीस, बांधाला झोळी बांधा पण लेकरू संगं न्या. नेता आलंच नाही तर स्वच्छ वाटीत पिळून ठेवा, आजी चमच्यानं पाजील. वाटीत पिळायचं कसं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं!

तू असंही सांगायचीस की पाजण्यात बाईचाही फायदा असतो. बाळंतपणानंतर अंगावरून जायचं कमी होतं, पिशवी लवकर जागेवर येते, पुढे छातीच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. हे शेवटचं तू नेहमी घाईघाईनं म्हणायचीस आणि पुढच्या बाईला हाक मारायचीस. मला कळायचं, तुला स्वतःला पाजता आलं नव्हतं.

एक चांगलं होतं. ज्या बाईला खरंच दूध येत नाही तिला तू कधी बोलली नाहीस, आणि मला बोलू दिलं नाहीस. "मावशी, तोंड आवरा," म्हणायचीस, आणि पावडर किती, पाणी किती, भांडं किती वेळ उकळायचं ते त्या बाईच्या घरी बसून दाखवायचीस. घड्याळ लावून.

मीही तुला थोडंफार शिकवलं. दूध गाठलं की गरम फडक्यानं शेकून कडेकडेनं कसं मोकळं करायचं, ते माझ्याकडून घेतलंस. रडतं लेकरू बाईच्या काखेखालून कसं घ्यायचं, तेही. बाळंतिणीच्या जेवणात तू शेपू आणि बाजरीची भाकर ठेवलीस, माझी बाकीची पथ्यं मोडलीस. पाण्याचं मी दहा वर्षांनी मान्य केलं. एक भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायची, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, लेकराला दोन्हीकडचं मिळावं. तू म्हणायचीस, "न्हाई मावशी, आधी एक बाजू पुरती रिकामी होऊ द्या. शेवटचं दूध दाट असतंय, त्यानं पोट भरतंय." मी बायकांना माझं सांगायची, तू तुझं सांगायचीस. बायका तुझ्यासमोर तुझं करायच्या, माझ्यासमोर माझं.

या श्रावणात मी तुला बघायला आले. तू खाटेवर. पाय सुजलेले, बोलताना दम लागत होता. मी ठरवून आले होते. एसटीत पूर्ण वेळ तेच घोळवत होते. सांगायचं होतं की तू मुसलमानाची म्हणून नाही, मला तुझी भीती वाटत होती म्हणून. तुझ्या पोरीचं दूध माझ्यामुळे मातीत गेलं.

मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणालीस, "मावशी, शबाना बाळंत झाली की तिला नीट बसवून द्या. माझे हात कापत्यात. अन् बाजू लवकर बदलू देऊ नका."

मी म्हटलं, "त्याला काय हुतंय? थोडं थोडं दोन्हीकडं—"

"मावशी!"

"बरं, बघू."

त्यावरून आपण बोलत बसलो, तू हसलीस, तुला खोकला आला, पाणी दिलं, आणि गाडीची वेळ झाली. आपलं शेवटचं बोलणं 'बघू' हे होतं. याहून काही बरं बोलता आलं असतं. वेळ नव्हती असं नाही. तीस वर्षं होती.

आता तुझ्या घरातलं सांगते, तिसऱ्या दिवसाचं.

शबाना म्हणाली, अम्मीला कुठं टाइम होता. मी तुझ्या नणंदेला म्हटलं, जरा बाहेर बसा, मला पोरीशी बोलायचंय. ती गेली. मी डब्याचं झाकण लावलं. फेकला नाही. तू फेकू दिला नसतास. ज्या घरात लागेल त्या घरात जाऊ दे, म्हणाली असतीस.

मग मी सांगितलं. "शबाना, तुझ्या आईला दूध होतं. लई होतं. वाटीनं काढून खिडकीतून मातीत वतत होती, मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. तू माजलगावात अन् ती आमच्या गावात. तिनं तुला जवळ ठेवायला माझी खोली मागितली हुती. मी दिली न्हाई. शेजाऱ्यांनाबी देऊ दिली न्हाई. कापूस हाय म्हणलं. कापूस नव्हता."

मला वाटलं, ती विचारेल की का. तिनं विचारलं नाही, पण मी सांगितलं. "तुझी आई गावात राहायला आली असती तर माझं सुईणपण गेलं असतं, म्हणून. दुसरं काही न्हाई. तुमच्या धर्माचं काही न्हाई. अन् पारावर चार बायकांत तिला मीच टोमणा मारला, की तुझं लेकरू डब्यावर."

"अम्मी कधी बोलली न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई बोलली."

तू बोलली असतीस तर या पोरीनं मला दारात उभं केलं नसतं, मेहरून. इतकी वर्षं ती मला मावशी म्हणाली, सणाला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, माझ्या पायाला हात लावला. ते सगळं तुझ्या गप्प बसण्यावर चाललं होतं. तू स्वतः वाईट आई ठरलीस आणि मला चांगली मावशी राहू दिलंस. हे माझ्याकडे कुणी मागितलं असतं तर मी कुणासाठी केलं नसतं.

तुझी नात कुरकुरायला लागली. तोंड इकडे तिकडे फिरवायला लागली. मी म्हटलं, "मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी तिला लाव."

"दूध कमी झालंय मावशी. अम्मी गेल्यापासून येईना. अन् फुफी म्हणतीया, बाधंल."

"रडल्यानं दूध बाधत न्हाई. कमी येतंय, तेबी काही दिवस. तिचं तोंड लागलं की येतंय. मी आधी उलटंच सांगत हुते, तुझ्या आईनं मला खोटं पाडलं. पाठीला उशी घे. तिचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. हां. नाक मोकळं ठेव. थांब, अजून तोंड उघडू दे... आता."

पोरीनं धरलं. आधी सुटलं, चिडली, पुन्हा धरलं. शबानाचे डोळे वाहत होते आणि ती पाजत होती. बराच वेळ नुसतं ओढणं. मग गिळल्याचा आवाज आला, एक, मग जरा थांबून आणखी एक. तो आवाज तुला मी काय सांगू? तुझी अर्धी हयात तो ऐकण्यात गेली.

मी शबानाच्या पायाशी बसून राहिले. मला वाटत होतं, ती म्हणेल, मावशी, आता जा इथून. तसं म्हणाली असती तर मी उठले असते. रागवली का, माफ केलं का, तिच्या तोंडावरून काही कळेना. माफी मी मागितलीही नाही. तुझ्याकडे मागायची ती तिच्याकडे मागून काय होणार? बाहेर वाचन चालू होतं. माझी गाडी निघून गेली असणार, तरी मी उठले नाही.

मग तिनं डोळे पुसले, लेकराकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, आता दुसऱ्या बाजूला घेऊ का?"

मी म्हटलं, "न्हाई. घाई करू नको. आधी ही बाजू पुरती रिकामी होऊ दे."